आग वाढते कशी? अग्निशमन दलात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी

जुनी_वर्दी

नमस्कार मंडळी. एका महापालिकेच्या अग्निशमन दलात ३१ वर्षं नोकरी केली. फायरमन म्हणून लागलो, स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आता गावी असतो. भरतीची तयारी करणारी पाच-सहा मुलं-मुली संध्याकाळी माझ्याकडे येतात. धावणं, दोर चढणं, माणूस खांद्यावर घेऊन पळणं यात ती माझ्या पिढीपेक्षा तयार आहेत. परवा त्यातल्या एकाला विचारलं, "खोली पेटलीय, तू दारात उभा आहेस. आधी काय बघशील?" तो म्हणाला, "ज्वाळा कुठे आहेत ते." रात्रभर ते उत्तर डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्वाळा रस्त्यावरच्या माणसालाही दिसतात. आपण बघायचा तो धूर.

कारण सांगतो. चुलीत ओलसर लाकूड घातलं की ते धुमसत राहतं, घरभर धूर होतो, डोळे चुरचुरतात. मग आजी फुंकणी घेऊन दोन फुंकरा घालते आणि भप्पकन जाळ होतो. पुढच्या वेळी तो जाळ नीट बघा. तो लाकडाच्या जरा वर, धुरात लागतो. लाकूड साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापलं की त्यातून पेटण्याजोगे वायू भरपूर सुटतात, ते हवेत मिसळतात आणि जळतात ते हे वायू. हवा कमी पडली की तेच वायू न जळता धूर म्हणून बाहेर पडतात. म्हणजे धूर हे उरलेलं इंधन आहे. खोलीभर काळा धूर दाटलाय याचा अर्थ खोलीभर इंधन तरंगतंय.

आता एक नेहमीची बैठकीची खोली घ्या. कोपऱ्यात सोफा, त्यावर चार्जिंगला लावलेला मोबाइल. ठिणगी पडते, सोफ्याचं कापड जळतं, आत फोम आहे तो वितळून पेटतो. पहिला मिनिटभर ही आग उशीएवढी असते. बादलीभर पाण्यात किंवा एका एक्स्टिंग्विशरमध्ये विझेल. तिला हवेची कमतरता नसते, ती फक्त इंधन शोधत असते.

मग गरम धूर वर जातो, छताला लागतो, चारी बाजूंना पसरतो, भिंतीला अडतो आणि खाली उतरू लागतो. छताखाली धुराचा थर बसतो. इथून आग दोन बाजूंनी काम करते. खालून सोफा जळतोय आणि वरून हा तापलेला थर सगळ्या खोलीवर धग ओततोय. टीव्ही, पडदे, कपाट, जमिनीवरचा गालिचा यांतलं काहीही ज्वाळेला लागलेलं नाही, तरी सगळं तापत जातं. थोड्या वेळाने त्या सगळ्यातून वाफ निघाल्यासारखा धूर यायला लागतो. छताजवळच्या धुरातून आगीच्या जिभा लवलवतात, त्याला रोलओव्हर म्हणतात. वरचा थर ५०० ते ६०० अंशांवर गेला की पुढच्या काही सेकंदांत अख्खी खोली एकदम पेटते. हा फ्लॅशओव्हर. त्याआधी खोलीत एक वस्तू जळत होती, त्यानंतर खोली जळते. आत राहिलेला माणूस वाचत नाही. अंगात पूर्ण फायर सूट असला तरी आपल्याकडे मोजके सेकंद असतात.

प्रश्न विचारा. जमेल तसं सांगेन.

वैशाखवणवा

काका, फार छान लिहिलंय. मी सब ऑफिसर कोर्सच्या प्रवेशाची तयारी करतोय, नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय हे स्वप्न आहे. पुस्तकात आगीच्या अवस्थांचा आलेख आहे: सुरुवात, वाढ, फ्लॅशओव्हर, पूर्ण पेटलेली अवस्था, ओसरणं. एक टेकडी चढून उतरल्यासारखा. परीक्षेत तोच काढायचा ना?

जुनी_वर्दी

परीक्षेत तोच काढ. वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, जाताना मात्र त्यात आणखी एक रेघ मनात काढून ने.

तो आलेख दार-खिडक्या उघड्या असलेल्या खोलीचा आहे. आपल्याकडे एसी लावलेल्या खोल्या असतात, स्लायडिंग खिडक्या घट्ट बंद, शटर ओढलेली दुकानं. तिथे आग वाढायला लागते आणि मध्येच हवा संपते. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, तो १५-१६ टक्क्यांच्या खाली आला की ज्वाळा मंदावतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आग आपोआप विझत आली. आलेखावर रेघ खाली वळते. पण खोली तापलेली असते, फोम वायू सोडतच असतो. आग तिथे हवेची वाट बघत बसलेली असते. आणि मग कुणीतरी दार उघडतं. रेघ तिथून पुन्हा वर उसळते, पहिल्यापेक्षा उंच.

बहुतेक वेळा ते दार आपणच उघडतो.

लसावि_मसावि

मी अभियंता आहे, इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम करते. काकांच्या म्हणण्याला थोडं गणित जोडते, मुलांना उपयोगी पडेल.

आग किती मोठी हे आम्ही किलोवॉटमध्ये मोजतो. एक मेणबत्ती जेमतेम ८० वॉट. फोमचा मोठा सोफा पूर्ण पेटला की २ ते ३ मेगावॉट. साधारण आकाराच्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला १ मेगावॉटच्या आसपास आग पुरते. म्हणजे एकटा सोफा खोली पेटवू शकतो.

आग वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं आमच्या गणितात धरतात. वेळ दुप्पट तर आग चौपट. मध्यम वेगाची आग ५ मिनिटांत सुमारे १ मेगावॉट होते. तीच अडीच मिनिटांना पाव मेगावॉट होती आणि १० मिनिटांना चार होईल, जळायला तेवढं सामान आणि हवा असेल तर. वेगवान आग अडीच मिनिटांतच १ मेगावॉटला पोचते आणि अतिवेगवान सव्वा मिनिटात. फोमच्या गाद्या-सोफे या शेवटच्या दोन गटांत येतात.

धगीबद्दल: फ्लॅशओव्हरच्या वेळी जमिनीवर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॉट धग पडते. वैशाखातल्या भर दुपारचं ऊन म्हणजे सुमारे १ किलोवॉट. वीस सूर्य एकदम डोक्यावर आल्यासारखं.

आणि हवेचं गणित. १ किलो प्राणवायू खर्च झाला की सुमारे १३ मेगाज्यूल उष्णता निघते, मग जळणारं लाकूड असो की प्लास्टिक. त्यामुळे एका दारातून किती हवा आत येते त्यावरून खोलीतली आग जास्तीत जास्त किती होईल ते काढता येतं. दोन मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद दार सताड उघडं असेल तर सुमारे ३.४ मेगावॉट. दार ओढून घेतलं की हा आकडा कोसळतो. दार म्हणजे त्या आगीचा नळ आहे.

जुनी_वर्दी

ताई, "दार म्हणजे आगीचा नळ" हे वाक्य मी उद्या मुलांना फळ्यावर लिहून देणार.

तांबडीमाती

आमचं लहानपण वाड्यात गेलं. सगळं लाकूड: खांब, तुळया, पाटण, जिना. मोठी माणसं म्हणायची, आग लागली तरी आधी सामान काढायला वेळ मिळायचा. आता सिमेंटच्या घरात आग इतक्या झपाट्याने कशी पसरते? भिंती तर जळत नाहीत.

लसावि_मसावि

भिंती जळत नाहीत, भिंतींच्या आतलं बदललंय. वाड्यात सागवानी पेटी, कापसाची गादी, सुती चादर, पितळी भांडी असायची. जाड लाकूड पेटायला वेळ घेतं, वरून कोळसा धरतं आणि तो कोळसा आतल्या लाकडाला थोडा वेळ सांभाळतो. आता फोम, रेक्झिन, पॉलिएस्टरचे पडदे, लॅमिनेट, प्लास्टिक. फोममध्ये किलोमागे लाकडापेक्षा जवळजवळ दीडपट उष्णता असते आणि तो ती पटकन देतो.

अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन सारख्या खोल्या शेजारी शेजारी पेटवून बघितल्या होत्या. जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली २९ मिनिटं २५ सेकंदांनी फ्लॅशओव्हरला गेली. नव्या सामानाची ३ मिनिटं ४० सेकंदांत.

जुनी_वर्दी

हे मी नोकरीत डोळ्यांनी बघितलं. मी लागलो तेव्हा आम्ही पोचायचो तेव्हा आग वाढीच्या अवस्थेत असायची. शेवटच्या दहा वर्षांत बंब दारात उभा राहीपर्यंत खोली एकदा पेटून हवेवाचून कोंडलेली सापडायची. पोचायला लागणारा वेळ तोच होता, आगीचं घड्याळ पुढे गेलं होतं.

कोयनाकाठ

मी बी.एस्सी. करतेय, मुलगी आहे, भरतीची तयारी चालू आहे. फ्लॅशओव्हर आणि बॅकड्राफ्ट यात माझा नेहमी गोंधळ होतो. दोन्हीत भडका होतो ना?

जुनी_वर्दी

गोंधळ होणं साहजिक आहे, बाळा. फ्लॅशओव्हर धगीमुळे होतो. हवा असते, उष्णता वाढत वाढत जाते आणि सगळं एकदम पेटतं. बॅकड्राफ्टमध्ये उष्णता आणि इंधन आधीच तयार असतं, हवा नसते. ती एकदम मिळते आणि कोंडलेला धूर स्फोटासारखा पेटून दाराबाहेर येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि तो हवेत १२.५ टक्क्यांपासून ७४ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटू शकतो. इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंचा असतो.

एक प्रसंग लिहितो. आजवर कुठे लिहिला नाही. रात्री दोनच्या सुमारास एका गादीच्या दुकानाची वर्दी आली. तळमजला, शटर बंद, ज्वाळा कुठेच नाहीत. शटरच्या फटीतून पिवळट करडा धूर यायचा, मग आत ओढला जायचा, पुन्हा यायचा. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. वरच्या काचेच्या झरोक्यावर आतून तेलकट काळा थर. आज कुणी मला हे वर्णन सांगितलं तर मी म्हणेन, सगळे बाजूला व्हा, शटरला हात लावू नका, वरून धुराला वाट करा, होज (पाण्याचा पाइप) भरून घ्या. त्या रात्री गर्दी ओरडत होती, मालक रडत होता, वर माणसं राहत होती. मी शटर उचलायला सांगितलं. होज अजून भरला नव्हता. शटर कमरेपर्यंत आलं, आत शिट्टीसारखा आवाज झाला, हवा आमच्या पायांजवळून आत खेचली गेली आणि मग ते बाहेर आलं. माझ्या सोबतच्या जवानाचे दोन्ही हात आणि कान भाजले. तीन महिने तो इस्पितळात होता. तो कामावर परत आला, पण त्याची बोटं पूर्ण मिटत नाहीत. हुकूम माझा होता.

धूर श्वास घेताना दिसला तर थांब. एवढं लक्षात ठेव.

कोयनाकाठ

काका, लक्षात ठेवेन.

डोंगरपायथा

मी सध्या सेवेत आहे, सब ऑफिसर. काकांच्या म्हणण्यात एक भर. आम्हाला धूर चार गोष्टींवरून वाचायला शिकवलं: किती आहे, किती वेगाने येतोय, किती दाट आहे, रंग काय. रंगावर फार विसंबू नये असं माझं मत. वेग जास्त खरं सांगतो. धूर रेंगाळत बाहेर येत असेल तर आत अजून जागा आहे. घुसळत, उकळत, दाबाने येत असेल तर खोली भरलीय आणि फ्लॅशओव्हर जवळ आहे.

एका बाबतीत विचारतो. आमच्या जुन्या शिक्षकांचा नियम होता, धुरावर पाणी मारायचं नाही, थेट आगीच्या बुडावर मारायचं. तुम्ही काय करायचात?

जुनी_वर्दी

मलाही तेच शिकवलं होतं आणि मी अर्धं आयुष्य तेच केलं. त्या नियमामागे कारण होतं. १ लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा घेते. कोंडलेल्या खोलीत बेसुमार पाणी मारलं तर ती वाफ आपल्याच अंगावर येते, बीए सेट (पाठीवरचं श्वसनयंत्र) असला तरी मान आणि मनगटं भाजतात.

पण डोक्यावर ५०० अंशांचं इंधन घेऊन आगीच्या बुडापर्यंत रांगत जाणं हेही बरोबर नाही. ब्रँच (होजच्या टोकाचं नोझल) बारीक फवाऱ्यावर ठेवून वरच्या थरात क्षणभर पाणी सोडायचं, बंद करायचं, थर वर उचलला का बघायचं. थेंब वरच्या वर वाफ होऊन धूर थंड करतात. मग पुढे सरकायचं आणि शेवटी बुडाशी पोचल्यावर मनसोक्त पाणी. ताईंच्या भाषेत विचारायचं तर, १ लिटर पाणी पूर्ण वाफ झालं तर किती उष्णता घेतं?

लसावि_मसावि

साध्या पाण्यापासून वाफेपर्यंत सुमारे २.६ मेगाज्यूल. म्हणजे सेकंदाला एक लिटर पाणी पूर्ण वाफ झालं तर २.६ मेगावॉटची आग तोलून धरेल. जे पाणी वाफ न होता जमिनीवर वाहून जातं, ते यातला आठवा हिस्साच घेतं.

डोंगरपायथा

धन्यवाद. जिन्यावरून वाहत खाली येणारं पाणी बघून पुढच्या वेळी हा आकडा आठवेल.

गिरणगाव_७२

आग दिसत नसताना वाढते याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचंच आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, एस.एस. फोर्ट स्टिकीन. माझे आजोबा तेव्हा गिरणीत होते, त्यांच्याकडून ऐकत मोठा झालो. बोटीच्या एकाच खणात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं. दुपारी धूर दिसला. दलाने बोटीत ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, पण दाट धुरात आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. पाणी उकळायला लागलं होतं. ३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडायचा हुकूम झाला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो तो त्यांच्यासाठी.

जुनी_वर्दी

दर वर्षी त्या दिवशी मानवंदना द्यायला उभा राहायचो.

कापसाबद्दल मुलांनी समजून घ्यावं. दाबून बांधलेली गाठ ज्वाळेने जळत नाही, आतून धुमसते. तिच्या धाग्यांत अडकलेली थोडी हवा तिला पुरते आणि पाणी आत शिरत नाही, वरून ओघळतं. म्हणून गोदामात कापूस, कागदाचे गठ्ठे, भुसा, कचऱ्याचा ढीग विझला असं वाटल्यावरही आम्ही गाठी फोडतो, ढीग उकरतो. कूलिंगला दोन-दोन दिवस लागतात आणि लोकांना वाटतं दल वेळ काढतंय. राखेखाली निखारा असतो हे आपल्याकडे म्हण म्हणून वापरतात, आमच्याकडे ते रोजचं काम आहे.

सायंतारा

मला आगीपेक्षा धुराची भीती वाटते. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिल्समध्ये १४ जण गेले, त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले असं वाचलं होतं. तिथे पाणी असतं म्हणून लोक तिकडे धावले असतील का?

जुनी_वर्दी

तिथे त्या क्षणी कुणाच्या मनात काय आलं हे मी सांगू शकत नाही. पण आगीच्या वर्द्यांवर माणसं अशा बंद खोल्यांत सापडतात हे खरं आहे. घाबरलेला माणूस ओळखीच्या, दार असलेल्या जागी जातो. तिथून बाहेर जायला वाट नसते आणि धूर दाराखालून येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. फोम जळला की त्यात हायड्रोजन सायनाइडही असतं. चार-पाच श्वासांत पाय साथ सोडतात. म्हणून शोध घेताना मुलांनी बाथरूम, पलंगाखाली, दाराच्या मागे, कपाटाच्या आत हात घालून बघायचंच. लहान मुलं लपतात, पळत नाहीत.

रानवाट

आमचा गट फेब्रुवारी ते मेमध्ये सह्याद्रीत वणवे विझवायला जातो. डोंगरात आगीचं वागणं वेगळं: चढावर ती धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून त्याला आधीच वाळवते. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही. वनखात्याच्या जाळरेषा (आग अडावी म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) हिवाळ्यात नीट काढल्या की आमचं निम्मं काम होतं.

जुनी_वर्दी

अगदी बरोबर. जिन्यातही हेच होतं. खालच्या मजल्याला आग आणि आपण जिन्याने वरून उतरतोय, म्हणजे आपण धुराड्यात उतरतोय.

वैशाखवणवा

काका, शेवटची अवस्था, ओसरण्याची. तेव्हा धोका कमी होतो ना?

जुनी_वर्दी

आगीचा कमी होतो, इमारतीचा वाढतो. लोखंडी तुळई ५५० ते ६०० अंशांला निम्मी ताकद गमावते. काँक्रीटचे पापुद्रे उडून आतली सळई उघडी पडते. जुन्या लाकडी इमारतीत खांब बाहेरून जळत जाऊन बारीक झालेले असतात आणि वरून आपणच टनावारी पाणी ओतलेलं असतं. ९ मे २०१५ ला काळबादेवीत जळती जुनी इमारत कोसळली आणि मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. अनुभवी माणसं होती. याहून जास्त त्यावर मला लिहवत नाही.

गृहिणी_नाशिककर

मी फायरमन होणार नाही, पण वाचतेय. घरात गॅसचा वास आला तर?

जुनी_वर्दी

ताई, बटण लावू नका आणि बंदही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. दारं सताड उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर येऊन फोन करा. हवेत फक्त २ टक्के गॅस झाला तरी ठिणगी पुरते. आणि कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही. गॅस बंद, वर घट्ट झाकण, आणि ती कढई पूर्ण गार होईपर्यंत उचलायची नाही.

कोयनाकाठ

काका, काल आजीकडे गेले होते. चूल बघितली. तुम्ही म्हणालात तसंच, जाळ लाकडाच्या बोटभर वर लागला. मग मेणबत्ती विझवून तिच्या धुराच्या रेघेला वरून काडी लावली. ज्योत धुरावरून खाली उतरून वातीला लागली! आजी तीनदा करायला लावत होती.

जुनी_वर्दी

शाब्बास. आता हेच खिडकी बंद करून कर, नंतर पंखा लावून कर. काडी वातीपासून किती वर धरली की ज्योत उतरते, ते दोन्ही वेळा पट्टीने मोजून इथे लिही.